शाळेत टूडी एकोचं मशीन नेण्याआधी

चारशे पटाची एखादी शाळा धरा. सगळ्या मुलांचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर तेराएक मुलांबद्दल शंका येते. त्यांना मोठ्या मशीनवर पुन्हा पाहिलं की चारएक मुलांना खरोखर ऱ्हुमॅटिक हृदयविकार असल्याचं दिसतं. हे प्रमाण उत्तर युगांडातल्या गुलू भागातल्या तपासणीवरून काढलं आहे. तिथे ५ ते १७ वयाची १,०२,२०० मुलं तपासली. शंका आली ३,३२७ जणांबद्दल. त्यांतल्या ९२६ जणांचं निदान पक्कं होऊन ती पुढच्या अभ्यासात घेण्याजोगी ठरली. आपल्याकडचं प्रमाण याहून कमीही असेल, जास्तही. पण हिशेबाची रीत तीच राहते: नऊ घरांना ‘काही नाही, घाबरू नका’ हे पटवून द्यायचं, आणि चार घरांना पुढची काही वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनला बोलवायचं. शिबिराचा फलक रंगवायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडायला हवा. बहुतेक ठिकाणी तो मांडलेला नसतो. मशीन कुणाचं आणि उद्घाटनाला कोण, एवढंच ठरलेलं असतं.

आजाराबद्दल थोडक्यात. ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस’ या जंतूमुळे घसा धरतो आणि चार दिवसांत बराही होतो. काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती जंतूऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हा ऱ्हुमॅटिक ताप, आणि तो बहुतेक ५ ते १५ या वयात येतो. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र वण राहतो, आणि प्रत्येक नव्या झटक्यागणिक वाढतो. मायट्रल झडप सगळ्यात जास्त सापडते, तिच्याखालोखाल एओर्टिक. पुढचे झटके टाळता येतात, म्हणून तर हा आजार लवकर शोधण्यात अर्थ आहे. नुसतं ‘कधी सांधे सुजले होते का?’ असं विचारून भागत नाही. झडप खराब झालेल्या अनेकांना असा ताप आल्याचं आठवतच नाही.

मग स्टेथोस्कोप का पुरत नाही? कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांत केलेल्या पाहणीचे निकाल २००७ साली प्रसिद्ध झाले. कंबोडियात ३,६७७ मुलं होती. स्टेथोस्कोपवर संशय घेऊन मग खात्री केली तेव्हा ८ मुलं सापडली. सगळ्यांचा एको केला तेव्हा सापडली ७९. मोझांबिकमध्ये २,१७० मुलांत हेच आकडे ५ आणि ६६ होते. हरियाणातल्या बल्लभगडच्या पाहणीत ६,२७० शाळकरी मुलं होती. तिथे स्टेथोस्कोपच्या तपासणीत दर हजारी ०.८ आणि एकोवर दर हजारी २०.४ मुलं निघाली. दहापट किंवा त्याहून मोठा हा फरक डॉक्टरांच्या कानांचा दोष नव्हे. झडपेतून थोडंसं रक्त मागे येत असेल तर त्याचा आवाज अगदी हलका असतो, आणि शेजारच्या वर्गात पाढे चालू असले की तो ऐकूच येत नाही. उलट रक्त कमी असलेल्या किंवा ताप असलेल्या मुलाच्या निरोगी झडपेवरही मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येते, आणि तेवढ्यासाठी ते मूल जिल्ह्याच्या गावी पाठवलं जातं. तरीही स्टेथोस्कोप बाजूला ठेवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि त्यांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. ज्यांची झडप बरीच खराब झाली आहे, ज्यांना कदाचित याच वर्षी उपचार लागतील, ती मुलं त्या नळीवरही सापडतात. एकोची वाट बघत नळीची तपासणी उरकून टाकणं हा उलटा व्यवहार झाला.

आता मशीन. भारतात पहिला अडथळा कायद्याचा येतो, आणि बाहेरून मदत करू पाहणाऱ्या संस्थांना तो हमखास उशिरा कळतो. एको मशीनमध्ये गर्भ पाहण्याची क्षमता असल्यामुळे ते गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली येतं. मशीनची नोंदणी लागते, ते कोण वापरणार त्याचीही नोंद लागते. हातात मावणारं मशीन वाटेल तिथे नेता येत नाही. २०१२ च्या नियमाप्रमाणे ते एक तर नोंदणीच्या जागेत, तिथल्या दाखल रुग्णांसाठी वापरायचं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. त्यामुळे जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय शाळेला तारीख देऊ नये. युगांडात, फिजीत परिचारिकांना शिकवून त्यांच्याकडून ही पहिली तपासणी करून घेतली गेली आणि ती चांगली झाली. ती पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येत नाही. प्रोब, म्हणजे मशीनचा छातीवर टेकवायचा भाग, नोंदणी झालेल्या डॉक्टरच्याच हातात हवा. साहजिकच दिवसाला किती मुलं होतील हे मशीनपेक्षा डॉक्टर किती मिळतात यावर ठरतं.

एका मुलामागे चार मिनिटं धरा. त्यातलं प्रत्यक्ष बघणं दीड-दोन मिनिटांचं, बाकीचा वेळ शर्ट काढणं, कुशीवर वळणं, जेल पुसणं यात जातो. मधली सुट्टी आणि पोषण आहाराची वेळ वगळली तर शाळेच्या दिवसात पाच तास मिळतात, म्हणजे एका मशीनवर पंचाहत्तर मुलं. ‘एका दिवसात तीनशे मुलांची तपासणी’ अशी बातमी वाचली की एवढंच समजायचं की कुणीतरी जेटची, म्हणजे झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या धारेची, लांबी मोजलेली नाही.

खोली अंधारी लागते. खिडक्यांना काळं कापड लावलं नाही तर उन्हात छोट्या पडद्यावर ही धार दाखवणारा निळा रंग दिसतच नाही. दोन बाकं जोडून केलेला पलंग हलतो आणि मूल घट्ट अंग आवळून पडतं, म्हणून शिक्षकांच्या खोलीतलं एक सलग टेबल आणि त्यावर सतरंजी बरी. मूल डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. असं केलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि फासळ्यांमधली फट रुंदावते. पाठीवर सरळ झोपवून केलेला एको निम्मा वाया जातो. मुलींसाठी पडद्याची आडबाजू, आत एक शिक्षिका, शक्यतो डॉक्टरही बाई, आणि आदल्या दिवशी निरोप की पुढून बटणं असलेला कपडा घाला. हा निरोप राहिला तर आठवी-नववीच्या मुली त्या दिवशी ‘आजारी’ पडतात. त्यांना गमावणं सगळ्यात महागात पडतं. मायट्रल झडप अरुंद झालेली बाई अनेकदा पहिल्यांदा धापते ती गरोदरपणात, शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं तेव्हा. शाळा सुटली की तिला गाठण्याची दुसरी जागा थेट प्रसूतिगृह.

वजनकाटा विसरू नका. जागतिक हृदय महासंघाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मायट्रल झडपेच्या जेटची लांबी वजनाप्रमाणे बघायची आहे: ३० किलोच्या आतल्या मुलात १.५ सेंटीमीटर, त्यापुढे २ सेंटीमीटर. २०१२ च्या निकषांत सगळ्यांना एकच २ सेंटीमीटरची मर्यादा होती. एओर्टिक झडपेसाठी १ सेंटीमीटर. पुढे इंजेक्शनचा डोसही वजनावरच ठरतो, तेव्हा रांगेच्या सुरुवातीलाच वजन करून कार्डावर लिहावं.

कार्डावर नावाआधी जनरल रजिस्टरचा क्रमांक घाला. एका वर्गात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोन मुली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्या दोघींची कार्डं बदलली तर एकीला विनाकारण इंजेक्शन आणि दुसरीला काहीच नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या रंगात, म्हणजे मशीन वाहतं रक्त ज्या रंगाने दाखवतं त्यात. निरोगी मुलांच्या झडपेतूनही मिटताना थोडं रक्त मागे येतं. ती लहानशी, क्षणभराची धार म्हणजे आजार नव्हे. पण कलरचं स्केल खाली ठेवलं तर सावकाश वाहणारं रक्तही रंगतं आणि एक सेंटीमीटरची धार दोनची दिसते. म्हणून नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे या स्केलवरची वेगमर्यादा, मशीन देईल तेवढी वर ठेवायची. कलर गेन, म्हणजे रंगाची तीव्रता, ठिपके उमटेपर्यंत वाढवायचा आणि ठिपके जाईपर्यंत उतरवायचा. कलरची चौकट अरुंद ठेवायची, नाहीतर चित्रांचा वेग पडतो आणि धार नेमकी मधल्या चित्रात हरवते. लांबी मोजायची ती झडपेपाशी धार सर्वांत बारीक असते तिथून रंगाच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत. जिना चढून धावत आलेल्या मुलाला पाच मिनिटं बसवावं, मग टेबलावर घ्यावं.

पहिल्या तपासणीला छातीच्या डाव्या कडेने घेतलेला लांब अक्षाचा एकच व्ह्यू, म्हणजे एका कोनातून घेतलेलं चित्र, साधा आणि रंगीत, पुरतो. मायट्रल आणि एओर्टिक दोन्ही झडपा त्यात येतात. इथे फक्त दोन निकाल द्यायचे: ‘ठीक’ किंवा ‘पुन्हा बघू’. ‘ऱ्हुमॅटिक’ हा शब्द शाळेच्या खोलीत उच्चारायचा नाही.

कारण पक्कं निदान मोठ्या मशीनवरच होतं. धार दोन व्ह्यूंमध्ये दिसायला हवी. तिचा वेग सेकंदाला ३ मीटर किंवा जास्त हवा आणि ती मायट्रलच्या बाबतीत हृदयाच्या पूर्ण आकुंचनभर टिकायला हवी. हातातल्या बऱ्याच मशीनांवर हा वेग मोजायची सोयच नसते. शिवाय झडपेचा आकार बघायचा: मायट्रल झडपेचं पुढचं पान ३ मिलिमीटर किंवा अधिक जाड आहे का (ही मर्यादा २० वर्षांपर्यंतच्यांसाठी), त्याला बांधणाऱ्या दोऱ्या जाड झाल्या आहेत का, पान अडकल्यासारखं हलतं का, की त्याचं टोक मिटताना प्रमाणाबाहेर मागे जातं. पानाची जाडी मोजताना हार्मोनिक इमेजिंग, म्हणजे चित्र उठावदार करणारी मशीनमधली सोय, बंद आणि गेन कमी ठेवावा, कारण हार्मोनिकमध्ये निरोगी पानही जाड दिसतं. पान पूर्ण उघडलेलं असताना, त्याच्या टोकापासून दोऱ्या वेगळ्या दिसत असतील तरच मोजावं. दोरी आणि पान एकत्र धरून ‘४ मिलिमीटर’ लिहिलेले रिपोर्ट काही कमी नसतात. जन्मजात दोषही इथेच वेगळे काढायचे. चिरलेलं मायट्रल पान, दोनच पाकळ्यांची एओर्टिक झडप, हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक, हे सगळं अशा तपासणीत निघतं आणि त्या मुलांची वाट निराळी असते. त्यांना पेनिसिलिनवर टाकणं म्हणजे खरा आजार झाकून ठेवणं.

शाळेत आलेल्या शंकेनंतर मोठा एको किती दिवसांत होणार, याची तारीख आधी हातात हवी. दोन आठवडे ठीक. तीन महिने म्हणजे घरात तीन महिने रडारड. त्या काळात मुलाला कबड्डीतून काढलं जातं, मुलीला पाणी भरू देत नाहीत, कुणीतरी ‘हृदयाला भोक आहे’ असं सांगून मोकळं होतं. म्हणून पालकांना बोलवायचं ते एकेकट्याला, प्रार्थनेनंतर रांगेत नाव पुकारून नव्हे. सांगायचं साध्या शब्दांत: झडप थोडी जाड असल्याची शंका आहे, अमुक तारखेला मोठ्या मशीनवर बघू, तोवर शाळा आणि खेळ चालू ठेवा. मुलीचे पालक बहुतेक वेळा पहिला प्रश्न लग्नाचा विचारतात, निदान मनात तरी ठेवतात. त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवावी. पुढे फाईल लपवली जाते ती या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळे.

आणि आता इंजेक्शन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. गुलूमध्ये सुप्त आजार (त्रास नाही, फक्त एकोवर दिसतो) असलेल्या ९१६ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले; शेवटच्या हिशेबात त्यांतली ८१८ धरली. एका गटाला दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३ जणांचा (०.८ टक्के) आजार वाढलेला होता, न घेतलेल्यांपैकी ३३ जणांचा (८.२ टक्के). तेराएक मुलांना दोन वर्षं इंजेक्शन दिलं की एका मुलाची झडप वाचते असा याचा अर्थ. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: इंजेक्शन न घेतलेल्यांतही नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचा आजार दोन वर्षांत वाढला नव्हता. तेव्हा पालकांना ‘इंजेक्शन चुकलं तर मूल जाईल’ अशी भीती घालणं खोटं आहे, आणि ती भीती वर्षभरात विरते. ‘तेराएक मुलांतल्या एकाला याचा उपयोग होतो, तो कोण हे आधी कळत नाही’ हे सांगितलेलं लोकांना समजतं.

आपल्याकडे साधारणपणे २७ किलोच्या वर १२ लाख युनिट दर २१ दिवसांनी आणि त्याखाली ६ लाख युनिट दर १५ दिवसांनी असा प्रघात आहे. कुणाला किती आणि किती वर्षं, हे झडपेची अवस्था बघून हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. एकवीस दिवसांनी म्हणजे वर्षाला सतरा-अठरा सुया. चार मुलांना वर्षाला ७० कुप्या. एवढ्या कुप्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रात लिहिल्या गेल्या आहेत का, हे शिबिराच्या आधी बघायचं. औषध स्वस्त, बनवणारे थोडे, त्यामुळे त्याचा तुटवडा ही जगभरची जुनी रड आहे.

ही पूड पाण्यात विरघळत नाही, तिचं दुधासारखं दाट मिश्रण होतं. करून ठेवलं की तळाशी बसतं आणि सुई तुंबते. मग सुई बदला, पुन्हा टोचा, मूल किंचाळतं, आणि पुढच्या वेळी ते येत नाही. ते सगळं टाळायला कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मिश्रण टोचण्याआधी लगेच करावं, २१ गेजची सुई घ्यावी, टोचण्याच्या जागी अंगठ्याने दहा सेकंद दाबावं, रक्तवाहिनीत सुई नाही ना हे बघून दोन-तीन मिनिटं घेत हळूहळू सोडावं. घाईत दाबलेलं इंजेक्शन जास्त दुखतं आणि तुंबतंही. उपाशीपोटी इंजेक्शन देऊ नये. आधी खाऊ-पाणी, टोचताना आडवं, नंतर अर्धा तास समोर. ट्रेमध्ये अॅड्रिनलिन हवंच: १:१००० चं, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, म्हणजे २५ किलोच्या मुलाला पाव मिली. त्वचेवरची टेस्ट निर्दोष आली म्हणून हा ट्रे कपाटात ठेवू नये. ज्यांची झडप फारच खराब आहे आणि ज्यांना धाप लागते, त्यांच्यात सुईच्या वेदनेने रक्तदाब कोसळून धोका होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली अशांसाठी तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिनचा विचार करायला सांगितलं आहे. त्यांना शिबिराच्या रांगेत टोचू नये.

थोडं विषयांतर. एको परवडत नाही म्हणून शाळेतल्या सगळ्यांचं रक्त घेऊन एएसओ टायटर, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, करावं का, असा प्रश्न हमखास येतो. करू नये. वाढलेलं एएसओ एवढंच सांगतं की मध्यंतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. तो शाळकरी वयात कितीतरी मुलांत येऊन जातो. पाय दुखतात आणि एएसओ ४०० आहे, एवढ्यावर वर्षानुवर्षं पेनिसिलिन घेणारी मुलं दिसतात आणि त्यांच्या झडपा निरोगी असतात. त्यापेक्षा शिक्षकांना दोन गोष्टी शिकवणं स्वस्त आणि उपयोगाचं. एक, सुजलेला सांधा एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, आज गुडघा, चार दिवसांनी घोटा. दुसरी, चांगलं अक्षर असलेल्या मुलाचं अक्षर अचानक गिचमिड होतं, हातातून पेन पडतं, तोंड वेडंवाकडं होतं. हा कोरिया, याच तापाचा एक अवतार. तो घसा धरल्यानंतर काही महिन्यांनीही येतो, आणि तो पहिल्यांदा दिसतो वर्गशिक्षकांना. बहुतेक वेळा मुलाला आधी शिक्षा होते.

राहता राहिली तारीख. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत तपासणी जुलै-ऑगस्टमध्येच हवी, म्हणजे मोठा एको आणि पहिली दोन-तीन इंजेक्शनं दसऱ्याच्या आत होतात. त्यानंतर टोळ्या निघतात आणि मुलं आई-बापांबरोबर फडावर जातात. पट कागदावर राहतो, वर्ग रिकामा. अशा मुलाच्या पालकांना निघण्याआधीच विचारावं की मुकादम कोण, कारखाना कोणता, की मूल गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणार. घडी घालून खिशात मावेल असं जाड कार्ड द्यावं. त्यावर मुलाचं नाव, वजन, औषधाचं नाव आणि डोस, अॅलर्जी आहे की नाही, आतापर्यंतच्या इंजेक्शनांच्या तारखा, आणि पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा आधीच छापलेल्या. ‘२१ दिवसांनी या’ असं लिहिलं तर फडावर दिवस कोण मोजणार? कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी आणि कार्डावर इकडच्या परिचारिकेचा नंबर. तिकडच्या केंद्राने अनोळखी मुलाला पेनिसिलिन द्यायला नकार देणं अगदी स्वाभाविक आहे. त्या नंबरावर फोन लागला आणि आधीची इंजेक्शनं विनातक्रार झाल्याचं कळलं, तरच ते कुपी फोडतात.